जादा मोहिमा

“दिगू, संपलं रे,” शालनताई म्हणाल्या.

मी टेबलाखाली वाकून प्रिंटरची वायर खोचत होतो. मला वाटलं, शाई संपली. “उद्या भरतो,” मी तिथूनच म्हणालो.

“शाई नव्हे. खेळ संपला. तो शेवटचा धिप्पाड मेला. आता नुसती इंग्रजी नावं वर सरकायला लागलीयत.”

मी गुडघे झटकत बाहेर आलो. खरंच संपला होता. काळ्या पडद्यावर खेळ करणाऱ्यांची नावं वर चालली होती आणि शालनताई पाठ ताठ ठेवून, दहाही बोटं कीबोर्डवर ठेवून, पेपर अर्धा तास आधीच लिहून झालेल्या मुलीसारख्या बसल्या होत्या. शेजारी जेवणाचा डबा होता. तो उघडलेला नव्हता.

“सगळे टप्पे झाले?”

“सगळे. सत्तावीस.” मग जरा थांबून, “अजून नसतात का रे?”

ही २००७ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कऱ्हाडच्या अलीकडे, हायवेपासून आत एक कॉलेज आहे, तिथं मी सायन्सच्या इमारतीतले कॉम्प्युटर बघायचो. सव्वीस वर्षांचा होतो, तात्पुरता होतो, आणि कायम होण्याची ऑर्डर ‘निघालीच आहे’ असं दीड वर्ष ऐकत होतो. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या खोलीत, जिथं वाळवलेल्या रोपांची कपाटं होती आणि बारा महिने डांबरगोळ्यांचा वास यायचा, तिथं निकमसरांचं काम चालायचं. सर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. गवतांचा कोश करत होते. कुसळी, पवना, मारवेल, डोंगरी, रोशा. कुठल्या गावात कुठल्या गवताला काय म्हणतात, कोणतं जनावर ते खातं, कोणतं तोंड लावत नाही, छपराला कोणतं चालतं, असं सगळं. सर पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि शालनताई ते टाइप करायच्या. सरांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नसे. शेवटी शेवटी सरांनाही लागत नसे, कारण त्यांचे डोळे गेले होते. एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलेलं, दुसरा काचबिंदूनं खाल्लेला.

शालन गुरव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या. लग्न झालेलं नव्हतं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. पहाटे साडेचारला उठायचं, वडिलांचं सगळं आवरायचं, शेजारणीला किल्ली देऊन आठची एसटी धरायची आणि साडेपाचपर्यंत गवत टाइप करायचं. इतकी दमलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. दमल्याचं त्या बोलायच्या नाहीत. फक्त कुणी काही सांगितलं की ‘बरं’ म्हणायच्या आधी डोळे एकदा मिटून उघडायच्या.

तो खेळ मी मशीनला चित्रं नीट दिसतात का हे बघायला टाकला होता. माझ्या शाळेच्या काळातला, जुना. अंधारे बोगदे, लाल-निळ्या किल्ल्यांची दारं, समोरून येणारे राक्षस आणि आपल्या हातात बंदूक. काढायचा राहून गेला. एका दुपारी शालनताईंनी तो उघडला आणि मला विचारलं, “हे काय करायचं असतं?” मी सांगितलं. मला वाटलं, दोन मिनिटांत कंटाळतील. पण त्या टायपिंगची परीक्षा मिनिटाला पन्नास शब्दांनी पास झालेल्या. त्यांनी माऊसला हातसुद्धा लावला नाही. नुसत्या कीबोर्डवर, खाली न बघता, अशा खेळायच्या की मी जेवता जेवता घास हातात धरून बघत बसायचो. राक्षसांना त्यांनी नावं दिली होती. शिंगं असलेला तो आमचा हेडक्लार्क. आग फेकणारी ती त्यांची वहिनी. “आली बघ,” म्हणायच्या, आणि शांतपणे गोळी घालायच्या. रोज एक ते दीड. सर तेव्हा जेवायला घरी जायचे. दीड वाजला की खेळ बंद, डब्यातली पोळी उभ्या उभ्या तोंडात, आणि पुन्हा गवत.

“असतात ना,” मी म्हणालो. “जगभरातल्या लोकांनी त्याच खेळासाठी नवेनवे बोगदे रचलेत. जादा मोहिमा. पुण्याच्या मित्राकडं सीडी आहे, मागवतो.”

“बघ बाबा. घाई नाही,” त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी विचारलं, “पत्र टाकलंस का मित्राला?” आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

सीडी शुक्रवारी आली. एक वाजता सर रिक्षात बसले, आणि मी शालनताईंच्या मशीनसमोर बसलो. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. आज डबा उघडला होता, कारण हात रिकामे होते.

आमच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि तेव्हा त्यावर असलं काही बसवायचं म्हणजे सगळं हातानं करावं लागायचं. आधी सगळी सीडी मशीनवर उतरवली. मग प्रत्येक झिपचा गठ्ठा उलगडला. मग खेळ सुरू केला, तर त्याला एकही मोहीम सापडेना.

“का रे?”

“फायलींची नावं कॅपिटलमध्ये आहेत. जुन्या काळची सवय. लिनक्सला कॅपिटल म्हणजे वेगळं आणि स्मॉल म्हणजे वेगळं. त्याला स्मॉल पाहिजे.”

“आमच्या टायपिंगच्या बाई अशाच होत्या,” शालनताई म्हणाल्या. “शिफ्ट चुकला की बोटावर पट्टी. सरक, मी करते.”

आणि त्यांनी एकेक नाव बदललं. मी ओळ सांगत होतो, त्या टाइप करत होत्या. अकरा मोहिमा. दीडला पाच मिनिटं असताना पहिली उघडली. दगडी जिना, खाली पाणी, पाण्यावर उजेड हलणारा. शालनताई आत शिरल्या. जिना उतरल्या, पाण्याच्या कडेनं थोडं चालल्या, आणि थांबल्या.

“कुणीतरी किती वेळ काढून केलंय,” त्या म्हणाल्या. “सोमवारी नीट बघू.”

मशीनवर किती जागा उरलीय हे बघायला एका ओळीची कमांड असते. दोन अक्षरांची. ती मी दिली नाही. त्या मशीनवर गवतांचे हजारभर फोटो होते, डिस्क आधीच गळ्याशी आली होती, आणि मी त्यात अख्खी सीडी दोनदा ओतली होती, एकदा बांधलेली, एकदा उलगडलेली. हे मला ठाऊक असायला हवं होतं. तेवढंच तर माझं काम होतं.

साडेपाचला मी शेजारच्या हॉलमध्ये होतो. शनिवारच्या चर्चासत्राचा प्रोजेक्टर लागत नव्हता आणि प्राचार्य स्वतः येऊन उभे होते. भिंतीपलीकडून शालनताईंचा आवाज आला, “दिगू, सेव्ह करताना हा काहीतरी म्हणतोय बघ. इंग्रजीत मोठं काहीतरी.”

“ओके करा,” मी ओरडलो.

“ओके करू?”

“करा हो ओके!”

त्यांची पावणेसहाची एसटी चुकली असती तर पुढची रात्री आठची होती. त्यांनी ओके केलं, मशीन बंद केलं आणि गेल्या.

शनिवारी सकाळी सरांना एक नोंद तपासायची होती. शालनताईंनी फाइल उघडली. फाइल उघडली, पण तिच्यात काही नव्हतं. एक पांढरं पान, आणि त्यावर लुकलुकणारी रेघ.

मला बोलावणं आलं. मी बसलो, आणि ती दोन अक्षरांची कमांड तेव्हा दिली. डिस्क शंभर टक्के भरलेली. सेव्ह करायला जागाच नव्हती. मशीननं जुनी फाइल पुसून नवी लिहायला घेतली आणि लिहायला काही उरलं नाही. ते ‘इंग्रजीत मोठं काहीतरी’ हेच सांगत होतं. रोज संध्याकाळी मशीन बंद होताना शेजारच्या मशीनवर आपोआप प्रत जायची. मी ती बघितली. तीही रिकामी, रिकाम्या फाइलची प्रत रिकामीच होणार. आणि दर शनिवारी सीडीवर एक प्रत काढून कपाटात ठेवायची, ती मी जुलैपासून काढली नव्हती.

सात महिने. सहाशेच्या वर नोंदी.

माझ्या मागं सर उभे होते, शालनताई उभ्या होत्या, आणि आवाज ऐकून आलेले विभागप्रमुख होते. मी पहिली गोष्ट काय केली, तर त्या अकरा मोहिमा पुसून टाकल्या. खेळही पुसला. पडद्यावर नावं भराभर वर गेली. सरांना ती दिसणं शक्य नव्हतं. विभागप्रमुखांना त्यातलं कळत नव्हतं.

“काय झालंय, जंगम?” सरांनी विचारलं.

“फाइल खराब झाली सर.”

“कशानं?”

प्राचार्यांचा चेहरा आणि न निघालेली ऑर्डर माझ्यासमोर आली, आणि मी म्हणालो, “सेव्ह होत असताना मधेच बंद केलं, की होतं असं.”

खोटं असं त्यात काही नव्हतं. मधेच बंद केलं की होतं तसं. फक्त त्या दिवशी तसं झालं नव्हतं.

सर वळले. त्यांना शालनताई नीट दिसत नव्हत्या, म्हणून ते त्यांच्या थोडं बाजूला बघत बोलले. “एसटी चुकेल म्हणून? सात महिने, बाई. माझ्याकडं किती महिने उरलेत, तुम्हाला माहितीय?” मग त्यांचा आवाज चढला. इतका सभ्य माणूस, पण त्या दिवशी त्यांनी त्यांचं वय काढलं, शिक्षण काढलं, ‘घरचं ओझं घेऊन कामाला येणाऱ्या बायका’ असंही म्हणाले. दारात दोन शिपाई आणि तिसऱ्या वर्षाच्या मुली जमल्या होत्या.

शालनताईंनी डोळे एकदा मिटून उघडले आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादी गाडी येते का, हे बघावं तसं. मी पडद्याकडं बघत राहिलो.

“सोमवारपासून येऊ नका,” सर म्हणाले.

“बरं,” शालनताई म्हणाल्या. ड्रॉवरमधून स्वतःचा कंगवा, गोळ्यांची डबी आणि स्वेटर काढला, आणि गेल्या.

दोन टायपिस्ट आल्या आणि गेल्या. एकीनं ‘कुसळी’चं ‘मुसळी’ केलं, दुसरीनं पाच दिवसांत अकरा चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठ्या खोक्यांत सगळ्या होत्या, एकही हरवलेली नव्हती. फक्त त्या वाचू शकणारं माणूस तिथं नव्हतं. सर चिठ्ठी डोळ्यापाशी न्यायचे, खिडकीशी न्यायचे, भिंग लावायचे आणि खाली ठेवायचे.

मार्चच्या मध्यावर त्यांनी मला बोलावलं. “जंगम, शालनबाईंकडं जाऊन या. म्हणावं, झालं ते झालं.”

“सर, तुम्हीच गेलात तर…”

“मला तोंड नाही,” सर म्हणाले. “आणि माफ केलंय असंही मला म्हणवत नाही. तुम्ही जा.”

रविवारी दुपारी गेलो. गाव दहा-बारा किलोमीटरवर. शालनताई ओट्यावर बसून वडिलांना मऊ भात भरवत होत्या. म्हातारा खाटेवर उशांना टेकलेला, अर्धं तोंड ओघळलेलं.

“कोन आलंय?” त्यानं विचारलं.

“कॉलेजातला आहे दादा. तोंड उघडा.”

मला बसायला सांगितलं नाही, मी आपणच पायरीवर बसलो. सगळा भात संपेपर्यंत त्या भरवत राहिल्या. मग ताट बाजूला ठेवून, पदरानं वडिलांचं तोंड पुसून, म्हणाल्या, “सरांनी पाठवलं?”

“हो. या म्हणतात. अक्षर कुणालाच लागत नाही.”

“नाही यायची.”

“ताई, मी सांगतो सरांना. खरं काय झालं ते. आज जाऊन सांगतो.”

“काय झालं खरं?”

मी सगळं सांगितलं. डिस्क, सीडी, जुलैपासूनची न काढलेली प्रत. त्या ऐकत होत्या आणि म्हाताऱ्याची उशी सारखी करत होत्या.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “मी तुझ्या मागंच उभी होते. मोहिमांची नावं मी माझ्या हातानं बदललेली. ती पुसताना दिसली मला. आणि ‘ओके करा’ कोण म्हणालं, तेही माझ्या लक्षात होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“थांबले होते. म्हटलं, दिगू बोलेल. आपण दोघंही थोडं थोडं ऐकून घेऊ, माझाही हट्ट होताच की. सर चिडतील, आठ दिवसांनी विसरतील. मग तू बोललास.” त्यांनी ताट उचललं. “पण दुसरंच बोललास. त्याच्यावर मी काय म्हणणार? तो खोटं बोलतोय म्हणू? तेवढा जोर नव्हता रे अंगात. खरंच नव्हता. मला नुसतं घरी यायचं होतं.”

“आज सांगतो मी.”

“सांगायचं तर तुझ्यापायी सांग. मला मधे घालू नको. मी यायची नाही ती नाहीच. एवढी वर्षं त्यांच्या चिठ्ठ्या लावल्या. ‘घरचं ओझं’ म्हणाले. आमच्या दादांना कळतं ते, मी घरी काही सांगितलं नाही तरी,” त्या वडिलांकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या. “ओझं म्हटलेलं.”

मी उठलो. फाटकापाशी गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

“पुढच्या रविवारी एक खोकं घेऊन ये. तुला अक्षर लावायला शिकवते. मग तूच कर टाइप. एवढं गवत कुणीतरी हिंडून गोळा केलंय, ते काय कपाटात कुजायचं?”

असे चार रविवार गेलो. सरांचा ‘र’ आडवा झोपतो. ‘व’ आणि ‘ब’ एकच, शब्दावरून ओळखायचे. मात्रा हवी तिथं नसते आणि नको तिथं शाईचा ठिपका असतो. शालनताई बोट ठेवून दाखवत, मी वाचत असे, चुकलो की त्या ‘परत’ म्हणत. दुसरं काहीही आम्ही बोललो नाही. चौथ्या रविवारी म्हणाल्या, “आता येतंय तुला. आता नको येऊ.”

मी सरांना सांगितलं नाही.

त्या पहिल्या रविवारी सांगणार होतो. सर झोपले होते. मग सोमवारी सांगणार होतो, तर सोमवारी ऑर्डर आली. ऑर्डर हातात आल्यावर तर सांगायला काहीच हरकत नव्हती, आणि तरी सांगितलं नाही. शिकवणी संपल्यावर सरांना म्हणालो, ताई येत नाहीत, पण त्यांनी मला वाचायला शिकवलंय, मी करीन. सर म्हणाले, “तुम्ही फार चांगले आहात, जंगम.”

हे वाक्य मी पुढं दोन वर्षं ऐकलं. दिवसभर कॉलेजचं काम, आणि साडेपाच ते साडेसात सरांच्या घरी कोश. सहाशे नोंदी पुन्हा केल्या, मग उरलेल्या नऊशे केल्या. प्रती मी आता तीन ठिकाणी काढायचो आणि दोनदा उघडून बघायचो. माझी पाठ गेली, लग्न लांबलं. घरी आई म्हणायची, इतकं काय त्या म्हाताऱ्याचं देणं लागतोस?  दमलेला असलो की बरं वाटायचं. दमणं म्हणजेच फेड, असं मी धरून चाललो होतो.

२००९च्या मेमध्ये शेवटची नोंद झाली. सरांना तेव्हा फक्त उजेड आणि अंधार कळायचा. म्हणाले, “आता प्रस्तावना. मी सांगतो, तुम्ही घ्या.”

सकाळची वेळ होती. सरांनी छान सांगितलं. डोंगरातले गुराखी, ज्यांनी नावं दिली त्या म्हाताऱ्या, सगळ्यांची नावं गावासकट. मी टाइप करत होतो. मग ते म्हणाले:

“नवीन परिच्छेद. फेब्रुवारी दोन हजार सातमध्ये टंकलेखिकेच्या निष्काळजीपणामुळे सात महिन्यांचे काम नष्ट झाले. श्री. दिगंबर जंगम यांनी अपार कष्टाने ते पुन्हा उभे केले.”

माझी बोटं ‘टंक’पर्यंत गेली आणि थांबली.

सरांना दिसत नसलं तरी कीबोर्डचा आवाज कळायचा. “काय झालं?”

“सर, हे असं नका घालू.”

“तुमचा संकोच मला माहितीय. पण नोंद पाहिजे. पुस्तकात जे येतं ते राहतं.”

“म्हणूनच म्हणतोय,” मी म्हणालो. आणि सांगितलं. बसूनच सांगितलं. मशीनवर मी खेळाच्या फायली टाकल्या, जागा संपवली, ओके करा मीच म्हणालो, प्रत मीच काढली नव्हती, आणि मग त्यांच्यावर ढकललं.

“कुणासाठी टाकल्या फायली?” सरांनी विचारलं.

“माझ्यासाठी.”

 आत त्यांची सून कुकर लावत होती, त्याच्या शिट्ट्या ऐकत बसलो.

“शालनबाई खेळायच्या ते,” सर म्हणाले. “एकदा चष्मा विसरलो म्हणून परत आलो होतो. दारातून बघितलं. तेव्हा थोडं दिसायचं, बाकीचं ऐकू यायचं. बाई हसत होत्या. नऊ वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग चष्मा न घेताच गेलो.” त्यांनी हातानं टेबलाची कड चाचपली. “आणि त्या शनिवारी मला तेच आठवलं. म्हटलं, ही खेळते, म्हणून माझं काम गेलं. सगळा राग त्या हसण्यावर काढला मी. ओझं म्हणालो. तुम्ही नुसती काडी दिलीत, जंगम.”



“लिहा,” ते म्हणाले.

“काय लिहू?”

“झालं ते. नावासकट. तुम्हीच लिहा, मला त्यातलं कळत नाही.”

मला त्या चार ओळी लिहायला अर्धा तास लागला. मग वाचून दाखवलं. “फेब्रुवारी २००७ मध्ये या कोशाचे सात महिन्यांचे काम नष्ट झाले. संगणकाची व्यवस्था पाहणारे दिगंबर जंगम यांच्या चुकीमुळे ते झाले, व त्यांनी ती चूक लपवली. त्याचा दोष टंकलेखिका शालन गुरव यांच्यावर ठेवण्यात आला. त्यांचा दोष नव्हता.”

“‘ठेवण्यात आला’ काय?” सर म्हणाले. “कुणी ठेवला? आभाळातून पडला? ‘मी ठेवला’ करा.”

मी केलं.

“आणि तुमच्या कष्टाचं वाक्य?”

“नको सर.”

“बरं. नको,” सर म्हणाले.

पुस्तक दिवाळीच्या आधी आलं. जाड, हिरव्या कापडी बांधणीचं. एक प्रत घेऊन मी शालनताईंकडं गेलो. वडील मागच्याच पावसाळ्यात गेले होते. ओट्यावर खाट नव्हती. त्या गावातल्या दूध संस्थेत लिहायला जात होत्या, केस बरेच पिकले होते. प्रस्तावनेचं पान मी दुमडून नेलं होतं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं, पान सरळ केलं आणि पुस्तक मिटलं.

“सरांनी घालायला लावलं?”

“सर वेगळं सांगत होते. मी थांबलो.”

“दोन वर्षं लागली.”

“हो.”

त्यांनी पुस्तक परत उघडलं, मधेच कुठंतरी, आणि थोडं वाचलं. “मारवेलीच्या नोंदीत घोटाळा केलायस. तिसऱ्या ओळीत ‘व’ नाही, ‘ब’ आहे.” मग विचारलं, “सरांचे डोळे?”

“आता काहीच दिसत नाही.”

“मग पुस्तकात काय छापलंय, ते वाचून कोण दाखवतं?”

“मी दाखवीन.”

“तू?” त्या म्हणाल्या. “तू गवतांची नावं परिपत्रकासारखी वाचतोस.”

गुरुवारी दूध संस्थेला सुट्टी असायची. त्या गुरुवारी त्या सरांच्या घरी आल्या. मी आधीच जाऊन बसलो होतो. सरांनी पावलं ऐकली आणि उठून उभे राहिले, हात जोडले. थोडं चुकीच्या दिशेला. शालनताईंनी त्यांचे जोडलेले हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. “बसा सर,” म्हणाल्या. दोघांपैकी कुणीच माफीचं बोललं नाही. सुनेनं पाणी आणून दिलं. शालनताईंनी चष्मा पुसला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

त्यांचा वाचायचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. गुराखी आले, म्हाताऱ्या आल्या, गावांची नावं आली. मग तो परिच्छेद आला. मी खाली बघत होतो. त्यांचा आवाज कमी झाला नाही, वाढला नाही, कुठं रेंगाळला नाही. माझं नाव आलं, सरांचं ‘मी’ आलं, त्यांचं स्वतःचं नाव आलं, आणि गेलं. त्यांनी पान उलटलं, आणि गवतं सुरू झाली.